गुरूचे अर्धसत्य : ‘स्टार वॉर्स’मधील ओबी-वान केनोबी

१

चित्रपटातील वृद्ध गुरूची व्यक्तिरेखा समीक्षकाला सहसा अवघड वाटत नाही. नायक तरुण व अननुभवी असतो. त्याला वाट दाखविणारा कोणी वडीलधारा लागतो. तो येतो, शस्त्र देतो, उपदेश करतो आणि कथेच्या मध्यावर कोठेतरी मरण पावतो. एवढे नोंदविले की त्या व्यक्तिरेखेचे विवेचन पुरे झाले असे आपण समजतो. जॉर्ज लूकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटातील ओबी-वान केनोबीविषयी जे लिहिले जाते ते पुष्कळदा याच स्वरूपाचे असते. जोसेफ कॅम्बेल यांच्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ (१९४९) या ग्रंथाचे ऋण लूकास यांनी स्वतःच मान्य केले असल्यामुळे हे काम आणखी सोपे झाले आहे. नायकाच्या प्रवासारंभी भेटणारा आणि संकटात उपयोगी पडणारी एखादी वस्तू त्याच्या हाती देणारा वृद्ध हा कॅम्बेल यांच्या मांडणीतील एक टप्पाच आहे. ओबी-वान त्या चौकटीत नेमका बसतो. आदिबंध सापडला आणि समीक्षा थांबली, असा हा प्रकार आहे.

आदिबंधात्मक समीक्षेचे महत्त्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु एखादे पात्र कोणत्या साच्यातून आले हे सांगणे आणि ते पात्र त्या विशिष्ट कलाकृतीत काय करते हे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओबी-वान केनोबी आपल्या शिष्यासाठी नेमके काय करतो, हा प्रश्न चित्रपटत्रयी समोर ठेवून विचारला तर उत्तर अस्वस्थ करणारे मिळते. तो शिष्याला फार थोडे शिकवितो, आणि सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीविषयी त्याला खोटे सांगतो. या असत्यामुळेच ती व्यक्तिरेखा मोठी झाली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२

प्रथम विद्यादानाचा हिशेब पाहू. ओबी-वान ल्यूक स्कायवॉकरला प्रत्यक्ष किती शिकवितो? पहिल्या चित्रपटात या शिक्षणाचा एकच प्रसंग आहे. ‘मिलेनियम फाल्कन’ या यानात, हवेत तरंगत किरण सोडणाऱ्या एका लहानशा गोलाशी ल्यूक खड्गाचा सराव करीत असतो. गुरू त्याच्या डोळ्यांवर शिरस्त्राणाची झापड पाडतो आणि डोळ्यांवर विसंबू नकोस असे सांगतो. या प्रसंगाला पडद्यावर काही मिनिटेच मिळतात. त्यानंतर लवकरच ‘डेथ स्टार’वर डार्थ व्हेडरशी झालेल्या द्वंद्वात ओबी-वान आपले खड्ग उभे धरून स्तब्ध होतो आणि व्हेडरच्या प्रहाराबरोबर त्याचा देह नाहीसा होतो. पुढे उरतो तो केवळ त्याचा आवाज. शेवटच्या हल्ल्यात तो आवाज ऐकून ल्यूक नेम धरणारे संगणकयंत्र बंद करतो आणि अंतःप्रेरणेवर विसंबून लक्ष्यवेध करतो.

येथे विज्ञानकथेच्या अभ्यासकाला एक शंका येणे स्वाभाविक आहे. यंत्र बंद करावयास सांगणारा गुरू विज्ञानकथेत कसा शोभतो? मराठीत विज्ञानकथेच्या स्वरूपाची जी चर्चा झाली, तीत विज्ञान हा कथेचा गाभा असला पाहिजे, ते निव्वळ नेपथ्य असू नये, ही भूमिका जयंत नारळीकर यांनी आग्रहाने मांडली. त्या निकषावर ‘स्टार वॉर्स’ अद्भुतकथेच्या दालनात जाईल, याविषयी वाद नसावा. परंतु या वर्गीकरणाने आपला प्रश्न सुटत नाही. यंत्रावर विसंबू नकोस, डोळ्यांवर विसंबू नकोस, असे सांगणाऱ्या गुरूच्या शब्दावर तरी शिष्याने किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. आणि चित्रपटत्रयीने पुढे तोच उभा केला आहे.

३

टॅटूईन या वाळवंटी ग्रहावरील आपल्या झोपडीत ओबी-वान ल्यूकशी प्रथम सविस्तर बोलतो, तो प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. ल्यूकच्या काकांनी त्याला सांगितले आहे की, त्याचे वडील एका मालवाहू यानावर काम करीत होते. ओबी-वान सांगतो की, ते खरे नाही. तुझे वडील माझ्यासारखेच जेडाय योद्धे होते. म्हणजे गुरूचे पहिले कार्य एका वडीलधाऱ्या माणसाचे असत्य उघड करण्याचे आहे. त्यामुळे ल्यूकचा व त्याच्याबरोबर प्रेक्षकाचाही त्याच्यावर विश्वास बसतो. मग तो प्रकाशखड्ग काढून देतो आणि म्हणतो की, तू मोठा झाल्यावर हे तुला मिळावे अशी तुझ्या वडिलांची इच्छा होती. वडिलांचा मृत्यू कसा झाला असे ल्यूक विचारतो, तेव्हा ओबी-वान सांगतो की, डार्थ व्हेडर नावाचा माझा एक शिष्य उलटला आणि त्याने तुझ्या वडिलांचा विश्वासघाताने वध केला.

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या दुसऱ्या चित्रपटात व्हेडर हाच ल्यूकचा पिता असल्याचे उघड होते आणि मागे वळून पाहता झोपडीतील त्या संभाषणाचा अर्थच पालटतो. काकांचे असत्य बाजूस सारून ओबी-वानने त्या जागी आपले असत्य ठेवले होते. खड्गाची गोष्ट तर याहून विदारक आहे. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) या चित्रपटात आपण पाहतो की, ओबी-वानने आपल्या शिष्याचे, म्हणजे ल्यूकच्या पित्याचे, हातपाय तोडले, त्याला ज्वालांमध्ये सोडले आणि त्याचे खड्ग उचलून आणले. पित्याच्या इच्छेचा तेथे काही संबंधच नव्हता. वारसा म्हणून जे हाती दिले गेले ते पराभूत पित्याकडून घेतलेले शस्त्र होते आणि त्याच पित्याविरुद्ध ते वापरले जावे अशी योजना होती.

या ठिकाणी संहितेच्या इतिहासातील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९७७ साली पहिला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ओबी-वानचे हे बोलणे असत्य नव्हते. ली ब्रॅकेट यांनी दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला, त्यातही ल्यूकचा पिता आणि व्हेडर ही दोन भिन्न पात्रे आहेत. मार्च १९७८ मध्ये ब्रॅकेट यांचे निधन झाले. त्यानंतर लूकास यांनी स्वतः लिहिलेल्या खर्ड्यात ही दोन पात्रे एक झाली. म्हणजे झोपडीत बसून ओबी-वानने जे सांगितले ते सांगताना खरे होते. पुढील संहितेने ते खोटे ठरविले. लेखकाचा मूळ हेतू प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला हे अडचणीचे वाटेल. परंतु कलाकृतीचा अर्थ तिच्या पूर्ण झालेल्या रूपातून घ्यावयाचा असतो, हे तत्त्व मान्य केले तर ओबी-वान असत्य बोलला, याला पर्याय राहत नाही.

आणि येथे अभिनयाने संहितेला अनपेक्षित साहाय्य केले आहे. ओबी-वानची भूमिका ॲलेक गिनेस (१९१४-२०००) यांनी केली. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळविलेला हा नट. ओबी-वानच्या भूमिकेसाठीही त्यांना साहाय्यक अभिनेता म्हणून ऑस्करचे नामांकन मिळाले होते. पित्याच्या मृत्यूविषयी प्रश्न येताच ते किंचित थांबतात आणि मग उत्तर देतात. १९७७ च्या प्रेक्षकाला तो विराम जुन्या दुःखाचा वाटला असेल. आज तो विराम काय सांगावे आणि काय लपवावे हे ठरविणाऱ्या माणसाचा वाटतो. त्या विरामात दुःख आणि लपवाछपवी या दोहोंना जागा आहे, आणि म्हणूनच व्यक्तिरेखा पुढे पालटली तरी अभिनय खोटा पडत नाही.

४

मराठी वाचकाला या प्रसंगी आपल्याकडील गुरुशिष्यांच्या कथा आठवणे साहजिक आहे. परंतु तुलना नेमकी कोठे करावयाची हे ठरविले पाहिजे. आपल्याकडील प्रसिद्ध कथांत असत्य बहुधा शिष्याच्या बाजूने येते. कर्ण परशुरामाशी आपल्या कुळाविषयी खोटे बोलतो आणि शाप भोगतो. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी युधिष्ठिर द्रोणाचार्यांना अर्धसत्य सांगतो आणि गुरूचा घात होतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये अर्धसत्य गुरूच्या मुखी आहे, आणि ज्याला ते सांगितले गेले त्या शिष्याच्या हाती शापाचे सामर्थ्य नाही. तो फक्त, आपल्याला हे का सांगितले नाही, एवढेच विचारू शकतो.

तुलना जुळते ती महाभारतातील वेगळ्याच प्रसंगाशी. शिष्टाई असफल झाल्यावर श्रीकृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो. कर्ण पक्ष सोडण्यास नकार देतो आणि हे युधिष्ठिराला कळू देऊ नये असे विनवितो. कारण ते कळले तर युधिष्ठिर राज्य स्वीकारणार नाही. श्रीकृष्ण गप्प राहतो. ज्याचा वध करावयाचा तो आपला सख्खा भाऊ आहे हे अर्जुनाला माहीत नसते. युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी, कुंती ते सांगते. तोवर सर्व काही होऊन गेलेले असते. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) महाभारतातील थोर पात्रांकडे माणसे म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली. त्या दृष्टीने पाहता येथील पेच आणि ओबी-वानचा पेच एकाच जातीचे आहेत. समोरचा शत्रू आपला आप्त आहे हे योद्ध्याला कळले तर तो शस्त्र उचलणार नाही. आणि त्याने शस्त्र उचलणे तर आवश्यक आहे.

भेद आहे तो दोन बाबतींत. पहिला भेद मौन आणि असत्य यांतील. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगत नाही. ओबी-वान ल्यूकला दुसरेच काही सांगतो. आपल्या परंपरेत अधिकारी शिष्यालाच ज्ञान द्यावे असे मानले आहे, आणि त्या विचाराने मौनाचे समर्थन करता येते. चित्रपटातही मृत्युशय्येवरील योडा जवळजवळ असेच म्हणतो : हे ओझे पेलण्याइतकी ल्यूकची तयारी झालेली नव्हती. परंतु शिष्य अधिकारी होईपर्यंत थांबणे वेगळे आणि तोवर त्याच्या मनात रचलेली कथा पेरणे वेगळे. अधिकारभेदाचा सिद्धान्त पहिल्या गोष्टीस आधार देतो, दुसरीस देत नाही.

दुसरा भेद काळाचा. महाभारतात सत्य वधानंतर येते, चित्रपटात वधापूर्वी. त्यामुळे महाभारतात उरतो तो युधिष्ठिराचा शोक. चित्रपटात मात्र निवड शिल्लक राहते.

मौन बाळगणाऱ्या ज्ञात्या वृद्धाचा उल्लेख आला म्हणून गिनेस यांच्याच दुसऱ्या एका भूमिकेचे स्मरण करावेसे वाटते. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीवरील डेव्हिड लीन यांच्या चित्रपटात (१९८४) त्यांनी प्राध्यापक नारायण गोडबोले साकारला. गोऱ्या नटाला भारतीय भूमिका दिल्याबद्दल त्यावर झालेली टीका रास्तच होती. पण गोडबोले हे पात्र आपल्या जवळचे आहे. कादंबरीत तो दक्षिणी ब्राह्मण आहे, तुकारामाचे नाव घेऊन कीर्तनात रंगतो. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस होते, तेथील गोकुळाष्टमीच्या अनुभवातून हा भाग आला आहे. मारबारच्या गुहांविषयी गोडबोले काहीतरी लपवीत आहे असे अझीजला जाणवते. पण तो काहीच सांगत नाही, आणि कोणाला खोटेही सांगत नाही. एकाच नटाने साकारलेले हे दोन वृद्ध शेजारी ठेवले की, मौन आणि असत्य यांतील अंतर स्पष्ट दिसते. गोडबोलेवर कोणी विसंबून नसतो. ओबी-वानवर एक मुलगा विसंबलेला असतो.

५

ओबी-वानच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद करता येतो, त्याचा विचार केला पाहिजे. ज्या मुलाला आपण आजच प्रथम जवळून भेटतो आहोत, त्याला, तुझा पिता हा सर्वांना भीती वाटावी असा क्रूरकर्मा आहे, हे कसे सांगावे? पहिल्या भेटीत ते न सांगणे ही करुणा होती असे म्हणता येईल, आणि प्रस्तुत लेखकाला ते मान्य आहे. परंतु पहिल्या व दुसऱ्या चित्रपटांच्या कथानकांत तीन वर्षांचे अंतर आहे. देह गेल्यानंतरही ओबी-वान शिष्याला दर्शन देतो, त्याच्याशी बोलतो, त्याला योडाकडे पाठवितो. मित्रांच्या रक्षणासाठी शिक्षण अर्धवट सोडून ल्यूक निघतो तेव्हा ओबी-वान आणि योडा दोघेही त्याला परोपरीने विनवितात, धोक्याची सूचना देतात; पण ज्याच्याशी तू लढावयास निघालास तो कोण आहे, हे त्या क्षणीही सांगत नाहीत. करुणेचे समर्थन येथे संपते. परिणाम असा होतो की, जे गुरूने सांगावयाचे ते शत्रू सांगतो. ल्यूकच्या आयुष्यातील सर्वांत मोठे सत्य त्याला व्हेडरच्या तोंडून कळते. गुरूपेक्षा शत्रू अधिक खरे बोलला, यापरते गुरूचे दुसरे अपयश कोणते?

त्याच द्वंद्वात व्हेडर ल्यूकचा हात तोडतो आणि हातासह ते खड्गही खाली पडते. सत्य कळण्याच्या वेळीच खोट्या वारशाचे शस्त्र हातातून जाते. या ठिकाणी एकलव्याच्या अंगठ्याची आठवण काढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. कारण येथे गुरुदक्षिणा कोणी मागितलेली नाही. महत्त्वाचे आहे ते पुढचे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) मध्ये ल्यूक येतो तो स्वतः घडविलेले खड्ग घेऊन. व्हेडरही त्याची नोंद घेतो. गुरूने दिलेले शस्त्र गेले, स्वतःचे आले. शिष्य प्रौढ झाल्याची ही खूण आहे.

याच चित्रपटात ल्यूक ओबी-वानला जाब विचारतो. ओबी-वान म्हणतो की, एका विशिष्ट दृष्टिकोनातून पाहता मी सांगितले ते खरेच होते. व्हेडर झाल्यावर तुझा पिता म्हणून असलेला भला माणूस नष्टच झाला. हे उत्तर चतुर आहे, परंतु त्याने समाधान होत नाही, आणि ल्यूकच्या चेहऱ्यावर ते दिसते. यानंतर ओबी-वान जे बोलतो त्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. तो कबूल करतो की, ल्यूकच्या पित्याला योडाइतकेच चांगले शिक्षण आपण देऊ शकू असे आपल्याला वाटले होते, आणि तो आपला भ्रम होता. युक्तिवादाने जी उंची गमावली होती ती या कबुलीने त्याला परत मिळते. एका शिष्याच्या बाबतीत चुकलेला हा गुरू दुसऱ्या शिष्याला सत्य सांगण्यास कचरत होता. पहिल्या अपयशाची भीती दुसऱ्या असत्याच्या मुळाशी होती, हे येथे उलगडते.

तरीही तो पुन्हा चुकतो. पित्याला मारणे आपल्याला शक्य नाही असे ल्यूक म्हणतो, तेव्हा, मग सम्राट जिंकलाच, असा निर्वाळा ओबी-वान देतो. कथेचा शेवट हा निर्वाळा खोटा ठरवितो. पराभूत पित्यासमोर उभा असलेला ल्यूक खड्ग फेकून देतो, आणि त्या निःशस्त्रतेमुळेच व्हेडर पालटतो आणि सम्राटाचा अंत होतो. म्हणजे गुरूचा सल्ला मानला असता तर पिता गेला असता आणि बहुधा पुत्रही सम्राटाच्या बाजूला गेला असता. गुरूने शस्त्र कसे धरावे ते शिकविले; ते कधी टाकावे हे शिष्याने स्वतः ठरविले.

६

अलीकडे या व्यक्तिरेखेवरील डाग पुसण्याचा प्रयत्न होतो आहे. २०१२ मध्ये लूकासफिल्म ही संस्था डिस्नेने घेतल्यानंतर २०२२ मध्ये ‘ओबी-वान केनोबी’ ही सहा भागांची मालिका आली. तिच्या अखेरीस व्हेडर स्वतःच ओबी-वानला सांगतो की, ॲनाकिन स्कायवॉकरला तू मारले नाहीस, मी मारले. याचा अर्थ असा की, पुढे ओबी-वान ल्यूकला जे सांगणार आहे ते त्याने रचलेले नाही. ते व्हेडरचेच म्हणणे आहे. कथानकाची सांधेजोड म्हणून हे कुशल आहे, व्यक्तिरेखेची हानी म्हणून मोठे आहे. गुरू निर्दोष ठरला की शिष्याच्या नकाराला अर्थ राहत नाही. ज्या गुरूची चूक कधी होतच नाही, त्याच्या शिष्याला आज्ञापालनाखेरीज करण्यासारखे काही उरत नाही.

गुरूने शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, या अर्थाचे सुभाषित आपण गौरवसमारंभांत नेहमी ऐकतो. तेथे अभिप्रेत असलेला पराभव बहुधा विद्येतील असतो. शिष्य अधिक विद्वान व्हावा, एवढेच. ओबी-वानचा पराभव विवेकातील आहे. काय योग्य, या प्रश्नावर शिष्य त्याच्या पुढे जातो. असा पराभव पत्करणे विद्वत्तेतील पराभवाहून कठीण आहे, आणि आपल्या विद्यापीठीय व्यवहारात तो जवळजवळ अशक्य झाला आहे. मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताशी मतभेद नोंदविणारा प्रबंध आपल्याकडे किती वेळा लिहिला जातो? बहुतेकदा तो मतभेद प्रस्तावनेतील कृतज्ञतेत विरघळतो. गुरूचे ऋण मान्य करणे आणि गुरूची चूक दाखविणे या एकाच शिष्याने, एकाच वेळी करावयाच्या गोष्टी आहेत, हे आपण विसरत चाललो आहोत.

ल्यूक या दोन्ही गोष्टी करतो. ओबी-वानचा शब्द तो मोडतो आणि त्याला सोडूनही देत नाही. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी विजयोत्सवाच्या रात्री ओबी-वान, योडा आणि पिता अशा तीन छाया त्याला दिसतात. ज्याने खोटे सांगितले तो आणि ज्याच्याविषयी खोटे सांगितले गेले तो, असे दोघेही तेथे शेजारी उभे आहेत. ल्यूक त्यांच्याकडे पाहतो आणि आपल्या माणसांत परत जातो. ओबी-वान केनोबी या व्यक्तिरेखेचे मूल्यमापन करताना कॅम्बेल यांच्या चौकटीपेक्षा ही दृष्टी अधिक उपयोगी पडेल : त्याच्या चुका झाकावयाच्या नाहीत, त्याचे ऋण नाकारावयाचे नाही, आणि निर्णय मात्र आपला आपण घ्यावयाचा.